नागूच्या पानाला कावळा शिवेना

आंबेखिंडीच्या नदीघाटावर त्या सकाळी इतकी माणसं लोटली होती, की ग्रामसभेला त्यांच्यातला दहावा हिस्सा जरी आला असता तरी सरपंचांनी हरखून पेढे वाटले असते. कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाताना हे गाव लागतं. घाट म्हणजे उल्हास नदीत उतरणाऱ्या सात पायऱ्या आणि वर एक जुनं उंबराचं झाड. पितृपक्षातली पंचमी होती, ऊन चटचटत होतं आणि झाडून सगळ्यांच्या माना वर होत्या. आभाळात पन्नासएक कावळे घिरट्या घालत कोकलत होते, आणि सोनुबाईने सासूच्या नावाने ठेवलेल्या केळीच्या पानावर त्यांतला एकही उतरायला तयार नव्हता.

पानात कमी काहीच नव्हतं. भात, वरण, तांबडा भोपळा, गवार, भेंडी, अळूचं फदफदं, खीर, उडदाचे वडे. सोनुबाई पहाटेपासून चुलीपुढे होती.

"सासूबाई रुसल्यात," काकनाथ महाराज डोळे मिटून म्हणाले.

महाराज उंबराखाली पाटावर बसले होते. डोक्याला फेटा, अंगात भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्षांच्या चार माळा आणि पायात पांढरेशुभ्र धावायचे बूट. मागे त्यांचा शिष्य देवेश उभा होता. तिशीचा दणकट गडी, हातात काळ्या केसांची लांब चवरी खाली लोंबती धरलेली आणि कमरेला एक पितळी घंटी. महाराज लोकांना समजावत होते, की पितृलोकाचं नेटवर्क वर्षातून पंधराच दिवस चालू असतं आणि कावळा हा त्याचा टॉवर आहे. सासूबाईंचा कॉल येतोय, घरचेच उचलत नाहीत. आंबेखिंडीत मोबाईलला रेंज नसल्यामुळे लोकांना हे ताबडतोब पटलं.

आता, पानाला कावळा शिवला नाही की गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली, असं इकडे पहिल्यापासून धरतात. मग घरचे पानासमोर उभं राहून एकेक बोलतात. तुझ्या पोरांना बघू, तुझी म्हैस विकणार नाय, तुझ्या बहिणीला दिवाळीला आणू. मधेच कधीतरी कावळा उतरतो आणि लोक समजतात, की मनातलं होतं ते हेच. बरं, कावळ्यालाही भूक असतेच, त्यामुळे फार वेळ कुणाला बोलावं लागत नाही. आजवर हा मामला घरचे आणि कावळा यांच्यात आपसांत मिटत असे. मधे दलाल नव्हता. ती उणीव काकनाथ महाराजांनी यंदा भरून काढली होती.

महाराजांना कळलं, की सासूबाईंचा जीव नथीत अडकलाय. सोनुबाई रडली आणि नथ महाराजांच्या पितृपीठाला द्यायचं कबूल करून मोकळी झाली. महाराजांनी उजवा हात वर केला. देवेशने चवरी झोळीत सरकवली, सगळ्यांना मोठ्याने नामजप करायला लावला, आणि दहाएक मिनिटांनी घंटी वाजवली. त्यासरशी कावळे धाडधाड खाली आले आणि पान चाटूनपुसून स्वच्छ केलं. लोकांच्या अंगावर काटा आला. सोनुबाईच्या कपाटात नथ आहे हे महाराजांना कळलं कसं, याचंच सगळ्यांना नवल वाटत होतं. आदल्या दिवशी सोनुबाईच्याच नवऱ्याने देवेशला चहा पाजत घरातल्या एकूण एक वस्तूची माहिती दिली होती, पण हे त्या नवऱ्यालाही आठवत नव्हतं.

गर्दीत विमलबाई होती. काटा तिच्याही अंगावर आला होता.

विमलबाई म्हणजे कर्जतच्या बाजारात सुकी मासळी विकणारी. सुकट, बोंबील, जवळा. पावसाळ्यात मासळीला ओल धरते, म्हणून भाद्रपदात ऊन पडलं रे पडलं की ती घरासमोरच्या खळ्यावर, म्हणजे भात झोडायच्या सारवलेल्या अंगणात, सगळा माल पसरून वाळवते. खळं रस्त्याला लागून. सकाळी ऊन तिथे पहिलं येतं, टेंपो दारात लागतो. त्या खळ्यावरच तिने नवऱ्याच्या आजारपणात घर चालवलं आणि मुलीला, हर्षलाला, शिकवून शाळेत विज्ञानाची बाई केलं. नवरा नागू जाऊन दोन वर्षं झाली. घरात आता या दोघी आणि नागूची म्हातारी आई सुंदराबाई. तिला दोन्ही डोळ्यांनी धूसर दिसायचं, ऐकू मात्र नको तेवढं यायचं.

सप्तमी नागूची तिथी. मुलगा नाही, म्हणून पान ठेवायचा मान धाकट्या भावाचा, धाऊचा. धाऊने पान ठेवलं, हात जोडले. वर कावळे कोकलायला लागले आणि खाली कुणी येईना.

गेल्या वर्षी पान जमिनीला टेकतंय तोच कावळ्याने वडा पळवला होता. विमलबाईला नागूचे डोळे आठवले. नागू शेवटचे चार दिवस दवाखान्यात होता. तोंडाला मास्क होता आणि तो डोळ्यांनी तिला काहीतरी सांगत होता. तिने कान नेऊन लावला होता, पण काही कळलं नव्हतं. ते काय होतं, हे कोडं तिने दोन वर्षं कुणालाही न सांगता उराशी धरलं होतं. आज तो सांगणार होता, आणि त्याने जे सांगितलं असतं ते तिने केलंच असतं.

महाराजांनी बराच वेळ मान डोलावली. मग म्हणाले, नागूचा जीव खळ्यावर घुटमळतोय. सुकटीच्या वासाने त्याला वर जाता येत नाही. मासळी तिथून कायमची हलवावी आणि खळं धाकट्या भावाच्या हवाली करावं, म्हणजे आत्मा मोकळा होईल.

विमलबाईला पटेना. नागूला सुकटीचा वास सोसत नाही? जो माणूस लग्नाच्या पंगतीतून उठून घरी येई आणि सुकटीची चटणी मागे, तो?

"महाराज, त्यांना तर सुकट लय आवडायची," ती चाचरत म्हणाली.

"देह सुटला की जीभ पण सुटते, माई," महाराज म्हणाले. लोकांनी माना हलवल्या. वाक्य एवढं छान होतं, की त्याचा अर्थ काय हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

आता गावाला हे ठाऊक होतं, की खळ्याच्या मागचा माळ धाऊच्या वाट्याचा आहे. मुंबईची एक पार्टी तिथे फार्महाऊस काढायला बघतेय आणि त्या माळावर गाडी न्यायची तर मधे खळं येतं, हेही पोराटोरांना ठाऊक होतं. धाऊने दोनदा वहिनीकडे विषय काढला होता आणि दोनदा नाही ऐकलं होतं. सातबाऱ्यावर नाव अजून सुंदराबाईचं होतं, पण वहिनी वळली की आई काय, अंगठा उठवेलच, असा त्याचा हिशेब. एवढं सगळं माहीत असलेलं गाव महाराजांचं बोलणं ऐकून म्हणालं, बघा, दूरच्या माणसाला सुद्धा खळ्याचं कसं बरोबर कळलं.

विमलबाईने विचार करायला वेळ मागितला. महाराज म्हणाले, सर्वपित्री अमावस्येपर्यंत वाट बघीन. त्या दिवशी वचन नाही दिलं तर एकट्या घराला नाही, सगळ्या गावाला पितृदोष लागेल, आणि खाचरांत भात उभं आहे, याची आठवण ठेवा.

झालं. लवकर पिकणारं हळवं भात कापायला आलेलं, उशिराचं गरवं लोंबीवर, आणि वर परतीच्या पावसाचे ढग. दुसऱ्या दिवसापासून विमलबाईला पाण्यावर, गिरणीत, बसथांब्यावर माणसं गाठायला लागली. सोनुबाई तर घरी येऊन बसली. म्हणाली, "माझी नथ गेली ना गं, आता तुझं खळं पण जाऊ दे. गावासाठी करायला लागतं." नथ एकटीचीच गेली हे तिला फार लागलं होतं.

हर्षला चिडली. महाराज लबाड आहे, ती म्हणाली. पण कसा, हे तिला सांगता येईना. विमलबाई तिच्यावरच डाफरली. तुझा बाप काही मागत असेल तर मी नाय कशी म्हणू? खळं जाईल म्हणून ती घाबरली होती. नागूचं ऐकलं नाही असं होईल, याची भीती त्याहून मोठी होती.

नवमीला कडक ऊन पडलं. विमलबाईने खळ्यावर सुकट पसरली आणि नेहमीप्रमाणे मधोमध काठी रोवून काळ्या चिंध्यांचा झुबका टांगला. त्यात कावळ्याची पाच-सात पिसं बांधलेली. हा तिचा जुना उपाय. मेलेला कावळा उलटा टांगला की दुसरे कावळे मालाला चोच लावत नाहीत. मेलेला रोज कुठून आणणार, तर चिंध्यांचा केला तरी भागतं. ती झुबका टांगून मागे सरकली आणि आंब्यावरचे दोन-तीन कावळे कोकलत उठले. त्यांचं ऐकून आणखी पाच-सहा आले. डोक्यावर घिरट्या आणि कोकलणं सुरू झालं, आणि खाली इतका माल पडलेला असून एकही उतरेना.

विमलबाई टोपली हातात धरून तशीच उभी राहिली.

वीस वर्षं ती कावळ्यांशी भांडत होती. भुकेची काव कुठली आणि भांडणाची कुठली हे तिला न बघता कळायचं. आणि मेलेला भाईबंद दिसला की कावळा जो आवाज काढतो, तो तर वेगळाच, घसा खरवडल्यासारखा. सप्तमीला घाटावर हाच आवाज होता. त्या दिवशी तिला नागूशिवाय काही सुचत नव्हतं, म्हणून तो कानात शिरला पण डोक्यात शिरला नाही. घाटावर चिंध्या कुठे होत्या? नव्हत्या. देवेशच्या हातात काळी चवरी होती, खाली लोंबती धरलेली.

एक धागा हाती आल्यावर बाकीचं आपोआप उसवत गेलं. आता आले ते कावळे आठ-नऊ. एरवी सकाळी खळ्यावर चाळीसएक तरी असायचे. गणपतीपासून तिचे हे चोर सकाळचे कमी झाले होते, आणि यंदा माल कमी जातोय म्हणून ती मनात खूष होती. मग हे गेले कुठे? आणि देवेश. पितरांच्या पंधरवड्यात तिचं गिऱ्हाईक मंदावतं, पण हा एकटा गणपतीपासून दर दोन दिवसांनी बोंबलांची मुंडकी घेऊन जात होता. मांजरासाठी, म्हणायचा. महाराज ज्या टेंपोतून गावोगाव फिरत त्यात मांजर तिने कधी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी तिने हर्षलाला सगळं सांगितलं. आधी थोडी रडली. ते नागूचं बोलणं नव्हतं हे कळल्याचं बरंही वाटत होतं आणि वाईटही. हर्षलाने आईला जवळ घेतलं आणि मग तिच्यातली विज्ञानाची बाई जागी झाली.

दुसऱ्या सकाळी सात वाजता दोघी घाटावरच्या करवंदीच्या जाळीमागे जाऊन बसल्या. देवेश आला. त्याने घंटी वाजवली, झोळीतून मुंडकी आणि शिळं फरसाण पायऱ्यांवर फेकलं. कावळे त्याच्या पायात घुटमळत खात होते आणि तो त्यांना नावाने शिव्या देत होता. एका लंगड्या कावळ्याला तो तात्या म्हणत होता. विमलबाईला त्यांच्यातले अर्धेअधिक ओळखू आले.

हर्षला तिथल्या तिथे त्याला धरायला निघाली. विमलबाईने तिचा पदर ओढला. आज दोन बायका ओरडल्या तर कोण ऐकणार, ती म्हणाली, उलट आपल्यालाच गावाबाहेर काढतील. दाखवायला लागेल. मग हर्षला म्हणाली, दाखवायचं तर नीट दाखवू. बाकी सगळं तसंच ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. विमलबाई म्हणाली, मी चूल पेटत नाय तेव्हा हेच करते, त्याला शिकायला कशाला लागतं?

अमावस्येला घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या गावांतूनही माणसं आली होती. वडापावची गाडी लागली होती, धाऊने महाराजांसाठी ताडपत्री बांधली होती. सुंदराबाईला हर्षलाने प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. म्हातारी बाई कशाला हवी, असं धाऊ म्हणत होता. घरात एकटी ठेवायची का, असं हर्षला म्हणाली.

धाऊने नागूचं पान पुन्हा ठेवलं. देवेशने चवरी लोंबती धरली. आभाळ कावळ्यांनी भरून गेलं आणि घसे खरवडायला लागले. महाराजांनी डोळे मिटले आणि म्हणाले, आज नागू एकटा नाही आलेला. गावचे सगळे पितर त्याच्या मागे रांगेत उभे आहेत. एकाचा कॉल अडकला म्हणून सगळी लाईन बिझी आहे. लोक एकदम विमलबाईकडे वळले. मागून कुणीतरी म्हणालं, देऊन टाक गं वचन, भात जाईल आमचं.

विमलबाई पुढे आली. डोक्यावर पदर, काखेत मासळीची रिकामी टोपली. तिने महाराजांना वाकून नमस्कार केला. वचन द्यायचंच आहे, ती म्हणाली, पण आधी थोडी सेवा करू द्या. हा शिष्य पंधरा दिवस उन्हात उभा आहे, आज चवरी मी धरते.

महाराजांनी एक डोळा उघडला. एवढ्या लोकांसमोर विधवा बाई सेवा मागते, तर नाही कसं म्हणणार? देवेश मागे सरकायला लागला, पण विमलबाईच्या हाताला वीस वर्षं मालाची पोती ओढायची सवय. चवरी तिच्या हातात आली. तिने ती जमिनीवर ठेवली, वर टोपली पालथी घातली आणि टोपलीवर बसली.

"हे काय, माई?" महाराज म्हणाले.

"गुडघे दुखतात, महाराज. तुमी चालू द्या."

महाराजांचं चालेना. वचनाशिवाय पितर शिवणार नाहीत, हे त्यांनी तीनदा सांगितलं. तोपर्यंत वरची कोकल कमी व्हायला लागली. कावळे एकेक करून उंबरावर बसले. हर्षला घड्याळ बघत होती. दहा मिनिटं झाल्यावर विमलबाईने हात लांब करून देवेशच्या कमरेची घंटी वाजवली.

कावळे असे आले, की पुढच्या रांगेतली माणसं मागच्यांच्या अंगावर पडली. वडे गेले, भोपळा गेला, खिरीत दोन कावळ्यांची मारामारी झाली. लंगडा तात्या धाऊच्या पायावरून चालत भातापर्यंत पोचला. पान रिकामं झालं. वचन कुणीच दिलं नव्हतं.

मग गावाने जे केलं ते विमलबाईने जन्मात कल्पिलं नव्हतं. सोनुबाई पुढे आली आणि तिच्या पायाच पडली. मागून दुसरी आली. कुणी म्हणालं, बाईला सिद्धी हाय. कुणी म्हणालं, मला वाटलंच होतं, ती मासळी विकते पण चेहऱ्यावर तेज हाय. एकाने तर आपल्या आजोबांचं पान पुढे सरकवलं आणि हात जोडून विचारलं, की जरा यांचं पण बघता का?

विमलबाईच्या अंगाची लाही लाही झाली. "अरं उठा रं," ती म्हणाली, "एक बाबा गेला नाय तोवर दुसरी बाय करायला निघालात. सिद्धी नाय, काय नाय. आता बघा."

तिने एक भरलेलं पान महाराजांसमोर ठेवलं. हे महाराजांच्या वडलांचं, ती म्हणाली. वडील आहेत का? महाराज गोंधळून म्हणाले, नाहीत. मग ती टोपलीवरून उठली, चवरी काढली आणि हातात लोंबती धरली. उंबरावरचे कावळे उसळून वर गेले आणि पुन्हा तेच घिरट्या, तेच कोकलणं. पान भरलेलं आणि एकही उतरेना.

"महाराज, तुमच्या वडलांची काय तरी इच्छा रायलीय," विमलबाई म्हणाली. "मला ऐकायला येतंय. ते म्हणतात, पोरानं काय तरी काम करावं."

आधी एक पोर हसलं. मग वडापाववाला हसला. आणि मग सगळा घाट.

विमलबाईने सर्वांसमोर चवरीचे केस दोन हातांनी बाजूला केले. आत कावळ्याचा एक सबंध पंख शिवलेला होता आणि भोवती पिसांची झालर. हर्षलाने पायरीवर उभं राहून समजावून सांगितलं. कावळा हुशार पक्षी आहे. माणसाच्या हातात मेलेला कावळा दिसला, किंवा तसं काळं लोंबतं काही दिसलं, की सगळे जमतात, एकमेकांना सावध करतात आणि खाली येत नाहीत. ते लपवलं की थोड्या वेळाने शांत होतात, आणि तेवढा वेळ काढण्यासाठी नामजप. घंटी वाजली की खायला मिळतं, हे त्यांना गणपतीपासून शिकवलंय, रोज सकाळी सातला, याच पायऱ्यांवर. तिने देवेशला विचारलं, बोंबलांची मुंडकी कुठल्या मांजराला घालत होतास? देवेशने महाराजांकडे बघितलं, महाराजांनी नदीकडे.

"खोटं आहे हे," महाराज उठत म्हणाले आणि त्यांनी विमलबाईच्या हातातली चवरी हिसकावून घेतली.

एवढं त्यांनी करायला नको होतं. चवरी त्यांच्या हातात लोंबली आणि वरचे कावळे त्यांच्यावर आले. पहिल्याने फेट्यावर टोच मारली, दुसऱ्याने कानामागे. महाराज चवरी टाकून द्यायचं विसरले आणि ती गरगर फिरवत टेंपोकडे पळाले. धावायच्या बुटांचा तेवढा उपयोग झाला. पळता पळता ते ओरडत होते, की धाऊशेठ, तुम्ही म्हणाला होता बाई भोळी आहे. टेंपोचं दार लागलं तरी दोन कावळे टपावर बसून होते. देवेश मात्र पोरांच्या हाती सापडला, आणि त्याच्या झोळीतून सोनुबाईची नथ निघाली.

हसू ओसरलं तेव्हा सगळे धाऊकडे बघत होते. धाऊ पायरीवर बसला होता. मान खाली. तो म्हणाला, मी फक्त बोललो होतो त्याला, बाकी त्यानंच केलं. मग म्हणाला, पोरगं लग्नाला आलंय, घर पडकं हाय, जमीन इकल्याशिवाय करू काय? ते खोटं नव्हतं.

विमलबाईला त्याचा राग आला होता तेवढीच कीवही आली. "भावजी," ती म्हणाली, "गेलेल्या भावाच्या मनातलं तुमी कावळ्याला इचारलंत. खळं हाय कुणाच्या नावावर? ती हितं खुर्चीत बसलीय. तिला एकदा तरी इचारलंत?"

लोकांनी वळून सुंदराबाईकडे बघितलं, जणू ती आत्ताच आली. पंधरा दिवस गावाने मेलेल्या सासू, सासरे, आजे, पणजे सगळ्यांच्या इच्छा विचारल्या होत्या. या बाईला कुणी काही विचारलं नव्हतं. विमलबाईच्या मनात आलं, मी तरी कुठे विचारलं? माझंही सगळं लक्ष वर आभाळात होतं. तिला लाज वाटली.

धाऊ उठून आईजवळ आला. "आई, तुझी काय इच्छा हाय?" त्याने हळू विचारलं.

सुंदराबाईने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"आता इचारतोस व्हय रं," ती म्हणाली. "खळं विमलचं. नागू आजारी होता तवा तिच्या सुकटीवर घर चाललं, तुझं पण दोन महिनं चाललं, इसरू नको. माळ तुझा हाय, त्याचं तू बघ. दुसरं, माझं डोळं कर. डाक्तर म्हणतो ऑपरेशन होतं, चार वर्सं झाली, कोण नेत नाय. नागूचं तोंड शेवटी मला नीट दिसलं नाय. तुझं तरी बघू दे."

धाऊने तोंडावर हात धरला. म्हातारीने जरा दम घेतला आणि पुन्हा सुरू केलं. तिच्या लग्नाच्या वेळी पितरांचा पंधरवडा कसा असायचा हे तिने सांगितलं. तेव्हा घाटावर कुणी येत नव्हतं. हळव्या भाताच्या पहिल्या लोंब्या घरात यायच्या, मांडवावरचा भोपळा उतरायचा, आणि ज्या माणसांनी दगड वेचून खाचरं काढली, बांध घातले, त्यांची नावं घेऊन पहिलं पान वाढायचं. आपण खातोय ते कुणामुळे, हे पोरांना कळावं म्हणून. कावळ्याला घालायचं, कारण दारात तोच येतो. मोर काय येत नाय. मग आळीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलावून जेवायला बसवायचं. रुसलेले पितर तिने आजवर बघितले नव्हते. रुसलेली जिवंत माणसं खूप बघितली होती.

तर असं हे आंबेखिंडीचं काकपुराण. देवेशला पोलीस घेऊन गेले, महाराजांचा टेंपो खोपोलीच्या दिशेने गेला. पुढच्या गावात ते कदाचित घार घेऊन येतील, नाहीतर मुंगूस. तेव्हा चमत्कार दिसला की एकदा बघून हात जोडू नका. दुसऱ्यांदा बघा, एक गोष्ट बदलून बघा, कुणाचा फायदा होतोय तेही बघा. आणि गेलेल्या माणसाची आठवण जरूर काढा, पान जरूर वाढा, पण कुणाच्या मनातलं जाणून घ्यायचं असेल तर तो माणूस अजून घरात आहे का, एवढं आधी पाहा.

त्या दिवशी घाटावर महाराजांच्या वडलांच्या नावाचं पान अजून भरलेलं होतं. त्याचं आता काय करायचं, यावर दोघा-तिघांची चर्चा सुरू झाली. नदीत सोडावं, गायीला घालावं, की कावळ्याची वाट बघावी.

"अरं, वाट कुणाची बघता?" सुंदराबाई खुर्चीतून म्हणाली. "मला भूक लागलीय."

धाऊने ते पान उचललं, आईच्या मांडीवर ठेवलं आणि पहिला घास स्वतःच्या हाताने तिला भरवला.